शंभूचा मेलबर्नचा गोल

शंभू ती गोष्ट सांगायला लागला की लोक खुर्च्या पुढे ओढायचे आणि माझ्या मनात पाल चुकचुकायची. आधी मला वाटायचं, माझाच स्वभाव कुजका. कुणाचं कौतुक झालं की हेमाच्या पोटात दुखतं, असं म्हणणारी माणसं आमच्या मंडळात आहेत, आणि ती अगदीच खोटं बोलतात असंही नाही. पण शंभूच्या बाबतीत माझं पोट दुखत नव्हतं. मला भीती वाटायची, आणि कशाची ते कळायचं नाही.

शंभू इथे आखातात, हिद्दला, आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मूळचा गुहागरकडचा. खांदे असे की लिफ्टमध्ये तो शिरला की दुसऱ्याने जिना धरावा. एका लाँड्रीची व्हॅन चालवायचा. झल्लाकच्या हॉटेलांत धुतलेल्या चादरी न्यायच्या, मळक्या आणायच्या. बायको मंगला, मुलगी भक्ती. माझा नवरा विलास इथल्या एका मराठी मंडळाचा कार्यवाह, आणि मी ईसा टाउनला शाळेच्या गणवेशांच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे भक्तीच्या स्कर्टची शिवण दरवर्षी सोडायचं काम माझ्याकडे. शंभू मला हेमावहिनी म्हणतो. एवढा दांडगा माणूस इतक्या हळू आवाजात वहिनी म्हणतो की रागवायचं ठरवलं तरी जमत नाही.

पण आमच्याकडच्या कुठल्याही मराठी माणसाला त्याच्याबद्दल विचारा, तो व्हॅन आणि चादरी सांगणार नाही. तो म्हणेल, "कोण, मेलबर्नवाला शंभू?"

झालं होतं असं. बारा-तेरा वर्षांपूर्वी शंभू मुंबईत एका कंपनीकडून कबड्डी खेळायचा. तिथे एक ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक आला, त्यांच्याकडच्या फुटबॉलसाठी पोरं गोळा करत. हा फुटबॉल म्हणजे आपण बघतो तो नव्हे. चेंडू अंड्यासारखा, मैदानही अंड्यासारखं. चेंडू हातात घेऊन पळायचं, अंगावर येईल त्याला भिडायचं, टोकाला चार खांब, आणि मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण. ना डोक्याला काही, ना छातीला. त्या माणसाने कबड्डीवाले निवडले, कारण त्यांना आपटायची भीती नसते. वर्षभरात आमचा गुहागरचा शंभू मेलबर्नला, परदेशी संघांच्या स्पर्धेत, निळी जर्सी घालून उभा.

आणि तिथे तो गोल झाला. शंभू तो असा सांगायचा:

"चेंडू वर गेला, मी पण वर गेलो. मागून एका आडदांड गड्याचा गुडघा बसला इथे, कानामागे. पडलो. पोरं म्हणाली, खलास! मी आपला गवतावर गार. मग उठलो. चेंडू आला हातात, सुटलो पळत. पण कुठे? उलट्या बाजूला! आपल्याच खांबांकडे!" इथे सगळे पोट धरून हसायचे. "मग कप्तानाने खांदे धरून मला फिरवला, नांगराचा बैल फिरवतात तसा. म्हणाला, शंभू, तिकडे! मग मारली लाथ. ही लांबून. मधोमध!"

इथे टाळ्या. गणपतीत टाळ्या, दसऱ्याला टाळ्या, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी टाळ्या. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की झोपेतही म्हणू शकेन. आणि मला खटकायचं ते हेच. एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. बैल फिरवताना शंभूचे हात दरवेळी तेवढेच फिरायचे. आपण स्वतःवर बेतलेलं काही सांगतो तेव्हा कधी पाऊस घालतो, कधी विसरतो, कधी नवीनच काहीतरी आठवतं. ह्याचं तसं कधीच होत नव्हतं. पाठांतर म्हणून दाखवावं तसं तो सांगायचा.

ह्या सगळ्याचा मुख्य भाट म्हणजे सलील. पुण्याचा, इथे बांधकाम कंपनीत इंजिनिअर, आणि खेळ म्हटला की वेडा. त्याने कुठून कुठून त्या स्पर्धेच्या चित्रफिती मिळवल्या आणि गोलची फीत मंडळाच्या ग्रुपवर टाकली. "हा खेळ खेळलेला भारतातला सर्वांत मोठा खेळाडू," अशी तो शंभूची ओळख करून द्यायचा. मी एकदा विचारलं, "अरे, पण खेळलेत किती जण?" तर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं म्हणजे किती, त्याला काही मर्यादा?

गेल्या दसऱ्याला मंडळाचं जेवण होतं. शंभूने गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या, श्रीखंड वाढून झालं. आणि शंभू पुन्हा म्हणाला, "चेंडू वर गेला, मी पण वर गेलो." लोकांना वाटलं, मागून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतोय. पुन्हा हसले, पुन्हा टाळ्या वाजवल्या. भक्ती तेवढी म्हणाली, "बाबा, यू जस्ट सेड दॅट." शंभूने तिच्याकडे पाहिलं. आधी ही मुलगी कोण ते आठवायचं आहे आणि मग उत्तर द्यायचं आहे, असं ते पाहणं होतं. मंगलाने श्रीखंडाचं भांडं उचललं आणि आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले, तर नळ सोडून ती नुसती उभी होती.

"काय झालं गं?"

"काही नाही वहिनी. दमलेत हे."

दमलेला माणूस असा दिसत नाही हे मला कळत होतं, आणि मला कळलंय हे तिला कळत होतं. पण बायकांची वर्दळ होती. मी भांडी पुसायला घेतली.

पुढच्याच आठवड्यात ती दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. बाहेर इतकी धूळ उडत होती की समोरचं खुबूस-रोटीवाल्याचं दुकान दिसत नव्हतं. स्टुलावर बसली आणि एकदम म्हणाली, "वहिनी, ह्यांना तो गोल आठवत नाही."

"म्हणजे? दहा वेळा तर सांगतात."

"कधीच आठवला नाही. गुडघा बसला तिथपासून दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात जाग येईपर्यंत सगळं कोरं. बरोबरच्या पोरांनी सांगितलं, मग फीत बघितली, मग तेच सांगत सुटले. लग्न झाल्यावर मला हसत हसत म्हणाले होते, मंगल, लोक ज्याच्यासाठी टाळ्या वाजवतात ना, तेव्हा मी नव्हतोच तिथे. आता हे बोलल्याचंही विसरलेत. आता त्यांना खरंच वाटतं की आठवतंय."

मग तिने बाकीचं सांगितलं. शंभू चादरी घेऊन झल्लाकला निघाला आणि सौदीला जाणाऱ्या पुलाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पोलिसाने कुठे चाललात विचारलं, तर सांगता येईना. घरी एकदा कुकरचं झाकण भिंतीवर मारलं, का ते त्यालाही कळलं नाही, आणि मग लहान पोरासारखा रडला. हा माणूस आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता. शेवटी मंगलाने त्याला डॉक्टर ताहेरांकडे नेलं. ह्या बाई पुण्याच्या, बोहरी, आपल्यासारखंच मराठी बोलतात. तपासण्या केल्या, फोटो काढले, आणि म्हणाल्या, "तो एक गुडघा धरून बसू नका. असे किती मार बसले असतील, कबड्डीत, सरावात, कुणी मोजलेत? गेलंय ते आणता येणार नाही. आहे ते सांभाळा. डोक्याला आता साधा धक्काही नको. गाडी बंद. खेळ तर विसराच. आणि सुट्टीवर जाल तेव्हा मुंबईत मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

गाडी मंगलाने बंद करवली. लाँड्रीवाल्याला सांगितलं, कंबर धरलीये. त्याने शंभूला आत इस्त्रीच्या मशीनवर घेतलं. कंबर चालते. इथे माणसाची कंबर, गुडघा, मूळव्याध सगळं चालतं. डोकं चालत नाही. डोक्याचं कळलं की व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात, आणि भक्तीची शाळा अर्ध्यावर. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की सुट्टीवर जायचं, तोपर्यंत झाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

"झाकलं जाईल," मी म्हटलं. "माझ्या तोंडून शब्द जायचा नाही."

जानेवारीत मंडळाची सहल झल्लाकच्या एका रिसॉर्टवर ठरली, आणि सलीलने आपल्या अक्कलहुशारीचं टोक गाठलं. इथल्या ऑस्ट्रेलियन लोकांचा एक हौशी संघ आहे, त्यांच्याशी त्याने प्रदर्शनी सामना ठरवून टाकला. आपली पोरं, त्यांची पोरं, आणि आपला कप्तान शंभू. "लेजंड परत मैदानात!" असा मेसेज ग्रुपवर फिरला. शंभूने तो वाचला आणि त्याचा चेहरा असा उजळला की मंगला म्हणाली, "वहिनी, किती महिन्यांनी मी ह्यांना ओळखलं." दुसऱ्या दिवसापासून तो कामावरून आला की समुद्राच्या कडेने पळायला लागला. मी गॅलरीतून बघायची. पळायचा झकास. मग एका जागी थांबायचा, दोन्हीकडे बघायचा, आणि कुणीतरी घराकडे जाताना दिसलं की त्याच्या मागे चालू लागायचा.

मंगलाने विनवण्या केल्या. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना खेळातलं काय कळतं?" तिने रडून पाहिलं. त्याने दार आपटलं. मग ती माझ्याकडे आली, आणि जे मागितलं ते जगात दुसऱ्या कुठल्या बायकोने मागितलं नसेल.

"वहिनी, मीटिंगमध्ये तुम्ही सांगा, ह्यांचा खेळ काही एवढा मोठा नव्हता. उगाच उदो उदो चाललाय म्हणा. कप्तान दुसरा करा, नाहीतर सामनाच नको म्हणा. तुम्ही बोललात तर कुणाला संशय येणार नाही."

"वा! म्हणजे माझ्या फटकळपणाचा एकदाचा उपयोग झाला. अगं, त्यापेक्षा सलीलला एकट्याला गाठून खरं सांग की."

"सलीलभाऊंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि अपमान झाला तर माणूस जगतो वहिनी. घरी बसतील, चिडतील, मला शिव्या देतील. देऊ देत."

मी हो म्हटलं. आजही मागितलं तर हो म्हणेन.

पण उगाच आरोप करायचा तर त्याला बूड हवं. सलीलकडून सगळ्या फिती मागवून घेतल्या; तो बिचारा खूश झाला, म्हणाला, वहिनी सुधारल्या. दुकानात दुपारी गणवेशांच्या गठ्ठ्यांमागे बसून मी त्या बघितल्या. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी दोष काढायला बसलेल्या बाईला दोष सापडतातच. आपला संघ बहुतेक सामने सपाटून हरला होता. समोरचे कुणी व्यावसायिक नव्हते, रजा काढून आलेली हौशी माणसं. शंभूच्या लाथा बऱ्याचदा कडेच्या खांबांतून जायच्या, सहाच्या जागी एकच गुण. आणि तो गोल! मी तो थांबवून थांबवून पाहिला. समोरचा संघ तेव्हा इतका पुढे होता की शंभूला अडवायलाही कुणी धावलं नाही. मोकळ्या रानात मारलेली लाथ. कॅमेरा जवळ आला तेव्हा शंभूचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते आणि त्यांत कुणीच नव्हतं. मी मोबाइल पालथा घातला.

मग बाकी राहिलेली फीत लावली. आधीच्या सामन्याची, कुणी कधी न बघितलेली. त्यातला शंभू पाहून मी बसल्या जागी ताठ झाले. दोन-दोन माणसांच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू खाली आणत होता. अंगावर येणाऱ्याच्या कमरेला मिठी मारायचा ती अशी की समोरचा जागच्या जागी बसायचा. कबड्डीची पकड, दुसरं काय. आणि चेंडू मिळाला की स्वतः लाथ न मारता बाजूच्या पोराकडे द्यायचा. गोल दुसऱ्यांच्या नावावर, धावपळ ह्याची. पडायचा, उठायचा, पण उठून कुठे जायचं ते त्याला पक्कं ठाऊक असायचं. खरा खेळाडू तो होता, आणि त्याच्यासाठी आमच्या मंडळात एक टाळी पडलेली नव्हती. ज्या गोलचा आम्ही देव्हारा केला होता तो गोल नव्हताच, तो अपघात होता. माझा न्याय असा झाला, आणि मीटिंगमध्ये मला त्यातला अर्धाच सांगायचा होता.

मीटिंग शुक्रवारी सकाळी होती. शंभू मागच्या रांगेत, शेजारी मंगला. विलासने विषय वाचला आणि मी उठले.

"कप्तान शंभूच का?"

सलील हसला. "म्हणजे काय वहिनी? लेजंड आहे तो."

"डोंबलाचा लेजंड. किती सामने जिंकला तुझा लेजंड?"

"जिंकण्या-हरण्याने माणूस मोजायचा? वर्षभर आधी ज्याने तो चेंडू पाहिलाही नव्हता, तो मेलबर्नला जाऊन..."

"मग धाडसी म्हण. मोठा खेळाडू कशाला म्हणतोस? समोर होते कोण? रजा काढून आलेली हौशी मंडळी. लाथा बघ ह्याच्या, निम्म्या बाजूने गेल्यात. आणि तो गोल, ते इतके पुढे होते की कुणी आडवंसुद्धा आलं नाही. मोकळ्या मैदानात चेंडू मारला त्याची आपण दहा वर्षं आरती करतोय. नाकापेक्षा मोती जड झालाय सलील. ओव्हररेटेड. तुमचाच शब्द."

"वहिनी, तुम्ही त्याच्या तोंडावर..."

"मी पाठीमागे बोलत नाही, माहीत आहे तुला."

विलास माझ्याकडे असा बघत होता की ही बाई घरी कशी न्यायची. मग सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मंगलाने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. आम्ही दोघी वाट बघत होतो ती त्याच्या रागाची. ओरडेल, खुर्ची उचलेल, निघून जाईल. त्या सगळ्याची आमची तयारी होती.

शंभू उठून उभा राहिला. "हेमावहिनी कधी खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला. "त्या म्हणतात तर तसंच असेल." आणि खाली बसला.

भांडला असता तर बरं झालं असतं. माझ्या घशाशी आलं होतं की थांब रे, ती दुसरी फीत बघितलीये मी, तू वाघ होतास. पण मंगला माझ्याकडे बघत होती. मी गिळलं. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, टेनिस चेंडूचं क्रिकेट ठेवू, बायकापोरांनाही खेळता येईल. विलासने लगेच ठराव लिहून टाकला.

जिन्यात मंगलाने माझा हात धरला. "वाचवलंत वहिनी," एवढंच म्हणाली.

सहल छान झाली, सगळे म्हणाले. शंभू झाडाखाली खुर्चीवर बसला होता, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. मंगला किती दिवसांनी मोकळी हसली. माझं ताट मी तसंच उचलून ठेवलं.

त्यानंतर शंभूला कुणी गोष्ट विचारली नाही. उगाच त्या बिचाऱ्याला ओशाळवाणं वाटायला नको, म्हणून लोक हवेबद्दल बोलायचे, सोन्याच्या भावाबद्दल बोलायचे. सलीलने गोलची फीत ग्रुपवरून काढून टाकली आणि माझ्याशी बोलणं सोडलं. सगळे किती सभ्यपणे वागले! मला ह्या सभ्यपणाची आता चीड येते. कारण ती गोष्ट शंभूच्या डोक्यात नव्हतीच, ती आमच्या तोंडात होती. आम्ही विचारायचो म्हणून तो म्हणायचा, म्हणायचा म्हणून ती त्याच्याजवळ राहायची. आम्ही विचारायचं थांबवलं.

फेब्रुवारीत तो लिफ्टमध्ये भेटला. "चेंडू वर गेला," म्हणाला. मी वाट पाहिली. पुढचं आलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुढचं मी सांगेन म्हणून, आणि मजला आला. दुसऱ्या वेळी एवढंही नाही. लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनपुढे काम नीट करायचा, हात शिकलेले असतात. पण संध्याकाळी मंगला त्याला आणायला जायला लागली. बायको रोज नवऱ्याला घ्यायला येते, किती प्रेम, असं तिथले मलबारी म्हणायचे. मंगला हसून घ्यायची आणि घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसायची. "एप्रिल वहिनी, फक्त एप्रिलपर्यंत." तिला एप्रिल म्हणजे काय वाटत होतं कोण जाणे. मला त्या महिन्याचीच धास्ती वाटायला लागली होती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तिला प्रवासाच्या बॅगा आणायला जायचं होतं. भक्तीला घेऊन ती गेली आणि शंभूला माझ्याकडे बसवलं. विलास बाहेर होता. मी चहा केला, शंभूने बशीत ओतून फुंकून घेतला. बरा होता त्या दिवशी. इकडचं तिकडचं बोलला, माझ्या पडद्यांना चांगलं म्हणाला. मग हळूच विचारलं, "वहिनी, भक्ती म्हणते मी ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. कशाला हो गेलो होतो?"

"खेळायला," मी म्हटलं.

"काय खेळायला?"

त्याच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. शेजारच्याच्या गावची माहिती विचारतात, तसं. मी त्याची बशी बाजूला ठेवली. मला वाटलं, मीच काढून घेतलं ना, मग मीच परत देते. जितकं चढवून देता येईल तितकं देते. आधी गोलच्या आदल्या सामन्यातलं सांगितलं, त्या उड्या, त्या पकडी. तो मान डोलवत ऐकत होता. मग गोल. त्याच्याच शब्दांत, एकही न बदलता. चेंडू वर गेला. गुडघा बसला. खलास. गवतावर गार. उठला. चेंडू हातात घेऊन सुटला तो उलट्या बाजूला, आपल्याच खांबांकडे! इथे लोक हसतात, म्हणून मी थांबले. शंभू हसला नाही. तो खुर्चीत पुढे सरकला होता.

मी घाईघाईने पुढे गेले. कप्तानाने बैल फिरवतात तसं फिरवलं, मी हात करून दाखवले. तिकडे शंभू, तिकडे! आणि मारली लाथ. ही लांबून. मधोमध! आणि त्या रिकाम्या खोलीत मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

"थांबा वहिनी," शंभू म्हणाला. "तो पडला होता ना?"

"हो."

"डोक्याला लागलं होतं?"

"हो रे, पण तो उठला. मग गोल..."

"उठला आणि उलटा पळाला. कुठे जायचं ते त्याला कळत नव्हतं." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढा नीट विचार करताना मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "मग त्याला बाहेर का नाही काढला कुणी?"

"शंभू," मी म्हटलं, "अरे, तो तू होतास."

"कोण का असेना," शंभू म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज माझ्यावर चढला होता. "त्याला तिथून न्यायला नको का? आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवताय?"